अकरा मिनिटांची वाट

संस्थेत तिला सगळे मोजणीबाई म्हणत. पाठीमागेही म्हणत आणि तोंडावरही म्हणत, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. संस्था वर्षाला तीन-चार मोठ्या परिषदा भरवायची. परदेशातून दोन-अडीचशे विद्वान यायचे. विद्वान माणूस विमानातून उतरला की त्याची अक्कल सामानाच्या पट्ट्यावर गोल गोल फिरत राहते, हा मोजणीबाईचा बावीस वर्षांचा अनुभव. बस कुठल्या बाजूनं येते, दिवा कुठल्या बटणानं लागतो, काहीएक सुधरत नाही. अशांसाठी परिषदेच्या दीड महिना आधी आठ पानांचं पत्रक जायचं, ‘पाहुण्यांसाठी प्रवासाची माहिती’. ते लिहिणं हे तिचं काम.

काम म्हटलं तर कारकुनी. दुसरं कोणी असतं तर मागच्या वर्षीच्या पत्रकावर तारीख बदलून मोकळं झालं असतं. पण मोजणीबाईचा एक हट्ट होता. जे स्वतः केलं नाही ते लिहायचं नाही. दर परिषदेआधी एका रविवारी ती जुन्या परिषदांचे जाडजूड ग्रंथ बॅगेत भरायची, तेवीस किलो, विमानात चालतात तेवढे. कोणी कधी न उघडलेल्या त्या ग्रंथांचा निदान वजनापुरता तरी उपयोग होतो, असं म्हणायची. मग बॅग घेऊन विमानतळावर जायची, पाहुणे बाहेर पडतात त्या दारापाशी उभी राहायची आणि तिथून स्वतःच पाहुणी होऊन निघायची. तिकिटाच्या यंत्राला कुठलं नाणं चालतं, बसमध्ये बॅग कुठे ठेवायची, कितव्या थांब्यानंतर लाल बटण दाबायचं, मग स्टेशन, स्टेशनचं मागचं दार आणि तिथून कालव्याकाठची वाट. घड्याळ हातात. जायची तीही संध्याकाळचीच, कारण विमानं दुपारी उतरत आणि पाहुणे पोचेपर्यंत दिवेलागण होई.

पाहुण्यांच्या इमारतीतल्या न्हाणीघरातही ती हात नळाखाली धरून उभी राहायची. ‘गरम पाणी यायला दीड मिनिट लागतं, तोवर घाबरू नये,’ ही ओळ वाचून पाहुणे आधी हसायचे आणि मग उघड्या अंगानं कुडकुडताना मनातल्या मनात तिचे आभार मानायचे. काहीजण तर परत गेल्यावर पत्र पाठवायचे. भाषणं विसरलो, तुमचं पत्रक लक्षात राहिलं, असं एकानं लिहिलं होतं. ते पत्र तिनं साहेबांना दाखवलं नाही, पण फेकलंही नाही.

तिचा नवरा घरं रंगवायची कामं घ्यायचा. ती बॅग घेऊन निघाली की शिडीवरून ओरडायचा, “चालली बाई माहेरी.” पहिल्या वर्षी खालच्या मजल्यावरच्या काकूंना ते खरंच वाटलं होतं. त्यांनी दोन दिवस त्याला जेवण आणून दिलं, आणि या पठ्ठ्यानं ते मुकाट्यानं खाल्लं.

त्या वर्षी तिचा गुडघा धरला. सत्तावन्नाव्या वर्षी गुडघा धरणं ही काही बातमी नव्हे. डॉक्टर म्हणाले, जिने कमी करा, वजन उचलू नका. नवरा म्हणाला, “त्या बॅगेला आता निवृत्त कर, नाहीतर तिच्याआधी तू होशील.” ती तरी गेली. बॅग घेऊन विमानतळ केला, यंत्र केलं, बस केली. स्टेशनवर उतरली तेव्हा गुडघा असा ठणकत होता की डोळ्यांत पाणी आलं. मागच्या दाराशी बाकावर टेकली. समोर कालव्याकाठची वाट होती. अकरा मिनिटं. बावीस वर्षांत ती कधी दहा झाली नव्हती आणि बाराही झाली नव्हती. वाट काय कुठे पळून जाते, असं मनाशी म्हणत ती उठली आणि घरी जायच्या बसमध्ये बसली. दुसऱ्या दिवशी तिनं मागच्या पत्रकातली ती ओळ जशीच्या तशी उतरवली. ‘स्टेशनच्या मागच्या दारानं बाहेर पडून कालव्याकाठच्या वाटेनं चालत यावं, अकरा मिनिटांत संस्थेचं मागचं फाटक लागतं, आत शिरल्यावर समोरच पाहुण्यांची इमारत.’

वाट कुठे पळून गेली नव्हतीच. फाटकाचं तेवढं बदललं होतं. उन्हाळ्यात संस्थेनं पहारेकरी बदलले होते, आणि नव्या लोकांनी मागचं फाटक संध्याकाळी सहाला कुलूप लावून बंद करायला सुरुवात केली होती. तसं परिपत्रक निघालं होतं. ते फलकावर कॅन्टीनच्या नव्या वेळांच्या खाली टोचलेलं होतं. मोजणीबाई घरून डबा आणायची. कॅन्टीनच्या वेळांशी तिचं काही देणंघेणं नव्हतं.

परिषदेच्या आदल्या संध्याकाळी एक म्हातारे गृहस्थ आले. पाण्यातल्या क्षारांवर चाळीस वर्षं काम केलेले, निवृत्त झालेले, परदेशात पहिल्यांदाच बोलावणं आलेले. सगळ्यांच्या आधी तेच पोचले. कडाक्याची थंडी होती आणि कालव्याकाठचे दगड निसरडे झाले होते. सकाळी साडेसहाला माळी मागचं फाटक उघडायला गेला, तेव्हा ते फाटकाला पाठ टेकून बसलेले होते. बॅग शेजारी उभी होती. खिशातल्या फोनची बॅटरी संपलेली होती.

मोजणीबाईला हे माळ्यानंच सांगितलं. तो साधा माणूस, जे पाहिलं ते बोलून गेला. “बाई, रात्री दव पडलं होतं ना, त्यात चाकांच्या रेघा दिसत होत्या. अर्ध्या वाटेपर्यंत परत गेले होते ते. आणि मग पुन्हा फिरून फाटकाशी आले. असं का केलं असेल म्हणता?”

तिला माहीत होतं असं का केलं असेल ते. माणसाला वाटलं असेल, आपलंच काहीतरी चुकलं, पत्रकात तर स्पष्ट लिहिलंय. ती टेबलाशी येऊन बसली. पत्रकाच्या शेवटी ‘अडचण आल्यास’ म्हणून दिलेला फोन तिच्याच टेबलावरचा होता. त्यावर आदल्या संध्याकाळचा एक फोन नोंदलेला होता, सात वाजून चौदा मिनिटांचा. पाच वाजता ती घरी गेली होती.

डॉक्टरांच्या कागदावर हृदय बंद पडल्याचं लिहून आलं. हृदय आधीपासूनच अधू होतं, कुठेही झालं असतं, असं सगळेच म्हणाले. परिषदेत दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळली आणि चहा झाला. पोलिसांनी सामान संस्थेकडे दिलं. पाकीट, चष्मा, गोळ्यांची डबी आणि घडी केलेलं पत्रक, असं एका पिशवीत होतं. पत्रकावर त्यांनी जागोजाग पेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या. अकरा मिनिटांखाली दोन.

मोजणीबाई ते पत्रक घेऊन साहेबांकडे गेली. साहेब वाईट माणूस नव्हते, घाबरट होते. त्यांनी दार लावून घेतलं.

“साहेब, ही ओळ चुकीची आहे. मी ती वाट चालून पाहिली नव्हती.”

“आता दुरुस्त केली ना?”

“केली.”

“मग झालं.” साहेबांनी पत्रक हातातून घेतलं आणि खणात टाकलं. “डॉक्टर म्हणतायत हृदय. त्यांच्या घरचेही तेच म्हणतायत. तुम्ही मध्येच उठून भलतं बोललात, तर संस्थेवर खटला होईल, तुमची नोकरी जाईल, निवृत्तीचे पैसे अडकतील. माझंही काही खरं नाही. आणि त्यातनं तो माणूस परत येणार आहे का? त्यांची मुलगी येतेय न्यायला. तिला सगळी मदत करा. तुमच्याइतकं ते कोणाला जमायचं नाही.”

तर मोजणीबाईनं आयुष्यातलं सगळ्यात वाईट पत्रक लिहायला घेतलं. ते एकाच पाहुणीसाठी होतं. या वेळी तिनं एकही पायरी सोडली नाही. गुडघ्याला पट्टा बांधून ती रुग्णालयाच्या तळघरात गेली. तिथली खिडकी नवाला उघडते असं लिहिलेलं होतं, पण माणूस सव्वानवाला येतो हे तिनं उभं राहून पाहिलं. मृत्यूच्या दाखल्याच्या किती प्रती लागतात, नोंदणी कचेरीत कुठल्या रांगेत उभं राहायचं, शिक्का कोण मारतं आणि जेवणाच्या सुट्टीला कधी उठतं, सगळं बघितलं. विमानतळावर माल पाठवतात त्या भागातही गेली. शवपेट्यांचं काम तिथेच चालतं. तिथल्या कारकुनानं विचारलं, “तुम्ही कोण त्यांच्या?”

“ओळखीतली,” ती म्हणाली.

त्या रात्री नवऱ्यानं तिच्या गुडघ्याला तेल चोळून दिलं. तो विनोद करायचा थांबला होता. “सांगून टाक मुलीला,” तो म्हणाला, आणि थोड्या वेळानं, “नको सांगूस.” दोन्ही त्यानं मनापासूनच म्हटलं.

मुलगी आली ती चाळिशीची, शाळेत गणित शिकवणारी, केस घट्ट बांधलेली. दोघी बोलत ती भाषा दोघींनाही परकी होती, त्यामुळे शब्द मोजकेच निघत. तीन दिवस त्या एकत्र फिरल्या. मुलीच्या हातात मोजणीबाईनं पाठवलेले दोन कागद होते. एकेक काम झालं की ती पुढे बरोबरची खूण करायची. तळघरात ती वडिलांपाशी एकटी गेली आणि बाहेर आल्यावर म्हणाली, “खोली थंड असेल, स्वेटर घाला, असं लिहिलं होतंत. बरं झालं.” मोजणीबाईला तिथल्या तिथे भिंतीत शिरावंसं वाटलं.

रोज सकाळी ती ठरवून निघायची, आज सांगायचं. रुग्णालयात सांगवत नव्हतं. नोंदणी कचेरीत रांग होती. जेवताना समोरचं माणूस घास गिळत असतं, तेव्हा कसं सांगणार? बावीस वर्षं परक्या माणसांना वाट सांगणाऱ्या बाईला हे एक वाक्य जिभेवर आणता येईना. संध्याकाळी घरी आली की स्वतःची लाज वाटायची, आणि लाजेच्या खाली कुठेतरी आजचा दिवस सुटल्याचं बरंही वाटायचं. त्या बरं वाटण्याचा तिला जास्त राग यायचा.

शेवटच्या दिवशी दुपारी सगळ्या खुणा करून झाल्या. विमान रात्रीचं होतं. मुलगी म्हणाली, “ताई, बाबा ज्या वाटेनं आले, ती मला दाखवाल?”

त्या स्टेशनच्या मागच्या दारातून निघाल्या. ऊन पडलेलं होतं. कालव्यात बदकं होती. मुलगी मध्ये मध्ये घड्याळ पाहत चालत होती आणि मोजणीबाई पाय ओढत मागून येत होती. गुडघ्यामुळे बारा मिनिटं लागली. फाटक सताड उघडं होतं. दुपारचे तीनच तर वाजले होते. आत समोर पाहुण्यांची इमारत, पायऱ्यांवर कुंड्या, कोणीतरी खिडकी पुसत होतं.

मुलगी फाटकात उभी राहिली. तिनं आत पाहिलं, मागे वाटेकडे पाहिलं, पुन्हा आत पाहिलं.

“इतकंच?” ती म्हणाली.

मोजणीबाई वाकून गुडघ्याचा पट्टा सारखा करू लागली.

“इतकी सोपी वाट आहे ही. माझी आईसुद्धा चालली असती.” ती फाटकाच्या कठड्यावर बसली. तीन दिवसांत पहिल्यांदा ती कागद न पाहता बोलत होती. “तुम्हाला एक सांगते. घरी सगळ्यांना माहीत आहे. बाबांनी स्टेशनवरून मला फोन केला होता. म्हणाले, थंडी फार आहे, टॅक्सी करू का? त्यांनी मला पाठवून ठेवलेलं पत्रक मी उघडून बघितलं आणि म्हटलं, अकरा मिनिटांसाठी टॅक्सी कसली करता? बसून बसून पाय आखडले असतील, चाला की जरा. ते हसले. बरं बाई, म्हणाले.”

खिडकी पुसणारा माणूस आत गेला.

“दादा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. तो म्हणतो, तू त्यांना चालायला लावलंस. आई काही म्हणत नाही, पण मी खोलीत आले की उठून जाते. मी मनाची समजूत घालत होते, वाट चढाची असेल, खराब असेल, लांब असेल. म्हणून बघायला आले. तर ही अशी.” तिनं हातानं वाट दाखवली. “एवढंसुद्धा त्यांना झेपत नव्हतं, आणि मला, पोटच्या मुलीला, ते कळलं नाही.”

मोजणीबाईनं फाटकाचा गज धरला. तिच्या डोक्यात साहेबांचं बंद दार आलं, निवृत्तीचे पैसे आले, शिडीवरचा नवरा आला. मग ते सगळं बाजूला पडलं. समोर बसलेली बाई दुसऱ्याचं ओझं उचलून विमानात चढणार होती आणि जन्मभर ते खाली ठेवणार नव्हती.

“वाट झेपली त्यांना,” ती म्हणाली. “ते इथपर्यंत आले. अकरा मिनिटांतच आले असतील. फाटक बंद होतं.”

मुलीनं वर पाहिलं.

“संध्याकाळी सहाला ते बंद करतात. उन्हाळ्यापासून. कुलूप असतं. पुढच्या दारानं यायचं तर पार स्टेशनपर्यंत मागे जाऊन चढावरून वळसा घालावा लागतो, पाऊण तास. ते पत्रकात लिहायला हवं होतं. पत्रक मी लिहिते. दर परिषदेआधी ही वाट मी स्वतः चालून बघते आणि मगच लिहिते. या वेळी माझा गुडघा दुखत होता. मी चालले नाही. जुनी ओळ उतरवली. तुम्ही त्यांना बरोबरच सांगितलंत. जे मी लिहिलं होतं, तेच सांगितलंत.”

हे सगळं एका दमात बाहेर पडलं. आता मुलगी उठेल, कानाखाली ओढेल, किंचाळेल, असं तिला वाटलं. तसं झालं असतं तर तिला सोसायला सोपं गेलं असतं. मुलगी बसूनच राहिली. तिच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी सैल झालं, डोक्यावरची पाटी कोणी उतरवून घेतल्यावर मान होते तसं. पण ते टिकलं नाही. ती गणिताची बाई होती. पुढचा प्रश्न तिला आपोआप पडला.

“म्हणजे ते इथे किती वेळ होते?”

मोजणीबाईनं हा प्रश्न येईल असं धरलंच नव्हतं. सांगायचं की नाही एवढ्यातच तिचे तीन दिवस गेले होते. सांगितल्यावर पुढे काय उरतं, ते तिनं पाहिलं नव्हतं.

“सांगा ना. तुम्ही सगळं मोजता.”

“सात वाजून चौदा मिनिटांनी त्यांनी माझ्या टेबलावरच्या फोनवर फोन केला होता. मग त्यांची बॅटरी संपली असावी. डॉक्टरांनी लिहिलंय नऊ ते अकराच्या मध्ये.”

“कमीत कमी पावणेदोन तास.”

“हो.”

“या थंडीत.”

“हो.”

“आणि त्यांना ही इमारत इथून दिसत होती.”

मोजणीबाईला हो म्हणवेना. तिनं मान हलवली. मुलीनं तोंडावर दोन्ही हात घेतले. इतका वेळ तिच्या मनात बाबा चालता चालता पडले होते, एका क्षणात. आता ते बॅगेपाशी बसले होते आणि कोणी येण्याची वाट बघत होते, आणि ते चित्र तिला देणारी बाई समोर गज धरून उभी होती. सांगून तिचं ओझं हलकं होईल, असं मोजणीबाईला वाटलं होतं. ते हलकं झालं नाही. नुसतं बदललं. मोजणीबाईचं तर तेवढंही झालं नाही.

बऱ्याच वेळानं मुलीनं हात काढले. डोळे कोरडे होते. तिनं पिशवीतून ते दोन कागद काढले, एकाची कोरी बाजू वर केली आणि पेनासकट पुढे धरली.

“लिहून द्या. माझं कोणी ऐकणार नाही. तुमच्या हातचं दादाला दाखवीन.”

म्हणजे नोकरी गेली, साहेब गेले, खटलाही येईल. मोजणीबाईला ते कळलं आणि तिनं कागद घेतला. कठड्यावर ठेवून लिहू लागली. अक्षर तिचं सुरेख होतं, वाचणाऱ्याला अडखळावं लागू नये असं. पत्रक मी लिहिलं. फाटक सहाला बंद होतं हे मी पाहिलं नाही. तुमच्या वडिलांनी आणि बहिणीनं माझ्या लिहिण्यावर विश्वास ठेवला. बहिणीची यात काही चूक नाही. मग तिनं नवीन ओळ सुरू केली, ते सात वाजून

मुलगी खांद्यावरून वाचत होती. तिनं पेन धरलेल्या हातावर हात ठेवला.

“वेळ नका लिहू, ताई,” ती म्हणाली. “आई वाचेल.”

मोजणीबाईनं ती ओळ खोडली, खालचं काही दिसू नये म्हणून पुन्हा पुन्हा खोडली, आणि खाली सही केली.